कुंडीतले हॉप्स आणि पुण्याचा उन्हाळा: आजारी पडलेल्या तीन रोपांचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर एका कुटुंबाने फेब्रुवारीच्या सुरुवातीला हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीची, तीन रोपे लावली. बेणे हिमाचलमधून आले होते, मादी वेलीचे गड्डे म्हणून. हॉप्समध्ये नर आणि मादी वेली वेगळ्या असतात आणि शंकू (ज्यांच्यासाठी ही वेल लावतात ती खवलेदार फुले) फक्त मादीला लागतात, त्यामुळे बी न पेरता गड्डा किंवा छाटकलम लावणेच शहाणपणाचे. परदेशातून गड्डे मागवायचे तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. लाहौलच्या खोऱ्यात हॉप्सची शेती होत असताना त्या भानगडीत पडण्याचे कारणही नव्हते.

शंकू हवे होते ते चहासाठी आणि उशीत भरण्यासाठी. (घरी बिअर करणे महाराष्ट्रात १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याखाली परवान्याशिवाय चालत नाही, आणि हा प्रश्न प्रत्येक हॉप्सवाल्याला विचारला जातोच, म्हणून इथेच सांगून टाकले.)

कुंड्या २० लिटरच्या, काळ्या प्लास्टिकच्या, तळाला बोटभरही नाहीत अशी चार भोके, खाली ताटली. माती दोन भाग लाल, एक भाग शेणखत, थोडे कोकोपीट. जागा पश्चिमेच्या कठड्याला चिकटून, कारण तिथे तार बांधायला खांब होता. गच्चीवरच्या नळाला बोअरचे पाणी येत होते, तेच घातले गेले.

मार्चभर वेली झपाट्याने चढल्या. हॉप्सला काकडीसारखे ताणे नसतात; खोडावरच्या आकडेदार केसांच्या जोरावर ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोरीला वेढे घालत जाते. दोर काथ्याचा खरखरीत असल्याने पकड चांगली बसली. एप्रिल उजाडेपर्यंत तिन्ही वेली ५ फुटांच्या आसपास पोचल्या होत्या.

काय बिघडले

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेंड्याची नवी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. पाठोपाठ खालच्या जुन्या पानांच्या कडा करपल्या. घरच्यांना वाटले, रोपांना खत कमी पडतेय. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून दोनदा सुरू झाले, आणि ऊन वाढतेय म्हणून पाणीही सकाळ-संध्याकाळ. महिनाअखेरीस एक नंबरची वेल भर दुपारी मान टाकू लागली आणि रात्रीही सावरेना. माती मात्र ओली होती. पानांच्या मागे बारीक जाळी दिसू लागली. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे अशा अवस्थेत तिन्ही वेलींना फुले आली: जेमतेम चार-पाच फुटांवर, बाजूच्या फांद्या फुटण्याआधीच.

ओली माती आणि सुकलेली पाने हे दोन्ही एकत्र दिसले की पाण्याचा डबा खाली ठेवावा. मुळे पाणी ओढू शकत नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो. इथे तीच खूण सर्वात महत्त्वाची होती, आणि पिवळ्या पानांच्या गडबडीत तीच मागे पडली.

मुळाशी काय सापडले

मे लागताच एक नंबरची कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढला. वरच्या तिसऱ्या भागात काही पांढरी मुळे होती. खालचा निम्मा गोळा चिखलासारखा, आंबूस वासाचा. मुळे तपकिरी, आणि बोटांत धरून ओढली की साल निघून आतला दोरा हातात राहत होता. ही मूळकूज. चारपैकी तीन भोके मातीने बुजली होती आणि ताटलीत कायम पाणी. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, कधी येतच नव्हता.

दोन नंबरच्या कुंडीत हेच, पण खालच्या तिसऱ्या भागापुरते. तीन नंबरची ताटली एप्रिलमध्ये फुटली म्हणून काढून टाकली होती. तिची मुळे बरीचशी शाबूत निघाली. योगायोगाने का होईना, तुलनेला एक रोप मिळाले.

दुपारी ३ वाजता कुंडीच्या पश्चिम अंगाला ५ सेंटीमीटर खोल थर्मामीटर खोचला तर ४३ अंश. त्या बाजूची मुळे उकडून निघाल्यासारखी मऊ पडली होती. काळी कुंडी, तापलेला कठडा आणि आत साठलेले पाणी हे तिन्ही एकत्र आले की मुळांना हवा मिळत नाही आणि गारवाही मिळत नाही.

पाण्याचे मोजमाप बोलके होते. टीडीएस मीटरवर बोअरचे पाणी ८२० आणि महापालिकेचे ११०. पण टीडीएस फक्त एकूण क्षार सांगतो. पानाचा पिवळेपणा कशाने आला हे कळायला बायकार्बोनेट मोजावे लागतात. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या केएच किटने बोअरच्या पाण्याला १६ अंश दाखवले, म्हणजे लिटरला सुमारे २८५ मिलिग्रॅम क्षारता. कुंडीतून निथळलेल्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ आला. या सामूला मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या आणि पान पिवळे, तेही शेंड्याकडे, ही लोहाच्या कमतरतेची खूण. नत्राची कमतरता असती तर आधी खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडली असती. जुन्या पानांच्या करपलेल्या कडा हा साठलेल्या क्षारांचा परिणाम, आणि त्यात दुप्पट-तिप्पट खताने भरच घातली.

जाळी लाल कोळीची होती. पानाखाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारली की टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसतात. कोरडी, गरम हवा आणि पाण्याच्या ताणातले झाड ही कोळीची आवडती परिस्थिती.

अवेळी आलेल्या फुलांचे कारण मात्र आजारात नव्हते. त्याकडे पुढे येऊच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिन्ही रोपे टाकून पुढच्या फेब्रुवारीत नवीन बेणे आणण्याचा. खर्च फार नव्हता, पण पाणी, कुंडी आणि जागा तीच राहिली असती तर पुढच्या एप्रिलमध्ये हेच चित्र पुन्हा दिसले असते.

दुसरा, सोसायटीच्या बागेत जमिनीत लावणे. तिथली माती काळी, चिकण, पावसात पाणी धरून ठेवणारी. मूळकूज झालेल्या रोपाला ती जागा देणे म्हणजे जूनमध्ये त्याला निरोप देणे.

तिसरा, फवारणी. रस शोषणाऱ्या किडीवरचे इमिडाक्लोप्रिड घ्या असा सल्ला कुटुंबाला मिळाला होता. कोळी हा कीटक नाही, इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही, उलट काही वेळा वाढतो. शिवाय शंकू चहात जायचे. हा पर्याय लगेच बाद केला. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) टाकण्याचा विचारही झाला, पण ८ च्या वर सामू असलेल्या मातीत हिराकशीतले लोह काही दिवसांत अडकून बसते.

खरा पेच चौथ्या पर्यायात होता: मे महिन्यात, ३९ अंशांच्या उन्हात, कुंडी बदलायची का? मुळे हलवली तर उरलेलीही तुटणार. नाही हलवली तर कुजणे थांबणार नाही. तीन रोपांची अवस्था तीन प्रकारची असल्याने तिन्हींना एकच उपाय लावला नाही, आणि हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. एक आणि दोन नंबरची मुळे छाटून कुंडी बदलायची, तीन नंबरला पाऊस येईपर्यंत हात लावायचा नाही, फक्त निचरा आणि पाणी सुधारायचे. जोडीला विमा म्हणून छाटकलमे करायची.

केलेली कामे

सगळे खत बंद. तिन्ही रोपे पूर्वेच्या कठड्याला, ५० टक्के हिरव्या शेडनेटखाली, विटांवर ठेवली. ताटल्या काढल्या.

एक आणि दोन नंबरच्या गोळ्याची कुजकी माती पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढली. तपकिरी मुळे निरोगी भागापर्यंत कात्रीने कापली. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसली. मुळे निम्मी झाली तर वरचा भागही तेवढा कमी करावाच लागतो, म्हणून वेली जमिनीपासून २० सेंटीमीटरवर, दोन डोळे ठेवून छाटल्या. पाच फुटांची वेल कापायला घरच्यांचा हात धजावत नव्हता, ते स्वाभाविकच. पण गड्ड्यात साठा असतो आणि हॉप्स बुडातून पुन्हा फुटते, हीच तर या वेलीची ताकद.

आजारी रोपाला मोठी कुंडी द्यायचा मोह आवरावा लागतो. कमी मुळे आणि जास्त माती म्हणजे पुन्हा न वाळणारी ओल. म्हणून दोघांना १२ लिटरच्या फिकट रंगाच्या कुंड्या दिल्या, तळाला १० मिलिमीटरच्या ड्रिलने बारा भोके आणि तळापासून २ सेंटीमीटर वर बाजूने आणखी चार. मिश्रण १२ लिटरला असे: धुतलेले कोकोपीट ५ लिटर, चाळलेली पोयटा माती २, परलाइट ३, जुने गांडूळखत २, आणि खतात आधी मिसळलेली ट्रायकोडर्माची (मूळकुजीच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची) भुकटी २० ग्रॅम. शेणखत नाही. कोकोपीटची वीट भिजवून तीनदा पिळून धुतली, कारण त्यातही मीठ असते.

तीन नंबरच्या कुंडीला जागेवरच ड्रिलने भोके वाढवली आणि मग महापालिकेचे ५० लिटर पाणी अर्ध्या तासात हळूहळू ओतून क्षार धुऊन काढले. हा क्रम उलटा झाला असता, म्हणजे भोके बुजलेली असताना पाणी ओतले असते, तर तिचीही मुळे बुडाली असती.

पुढे पाणी फक्त महापालिकेचे, त्यात एसीतून ठिबकणारे पाणी मिसळून. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी कटाक्षाने टाळले, कारण त्यात क्षार आणखी दाट होतात. नळाला पाणी नसेल त्या दिवशी बोअरच्या पाण्याचा सामू लिंबूफुलाने (सायट्रिक अ‍ॅसिडने) उतरवून ते वापरले: १० लिटरला सुमारे ३ ग्रॅम, ढवळून, पट्टीवर सामू ६ ते ६.५ दिसेपर्यंत. पाणी घालण्याची वेळ घड्याळावर नाही, बोटावर ठरवली. दोन पेरे खोल माती कोरडी लागली तरच.

लोहासाठी इडीडीएचए प्रकारचे चिलेट (लोहाला धरून ठेवून मुळांपर्यंत पोचवणारे संयुग) निवडले. बाजारात सहज मिळते ते इडीटीए, पण त्यातले लोह सामू साडेसहाच्या वर गेला की सुटून अडकते. इडीडीएचए जास्त सामूतही टिकते. ५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, तीन नंबरला २ लिटर, पंधरा दिवसांनी पुन्हा. मुळे छाटलेल्या दोघांना नवे फुटवे येईपर्यंत काहीच दिले नाही.

कोळीसाठी तीन नंबरची खालची दीड फुटाची पाने काढून जाळीसकट पिशवीत बंद केली, मग सलग तीन सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा. त्यानंतर १०,००० पीपीएमचे निंबोळी अर्क लिटरला २ मिलि, साबणाच्या चार थेंबांसह, सूर्य कलल्यावर. दर पाच दिवसांनी तीनदा, कारण उन्हाळ्यात कोळीची अंड्यापासून पूर्ण वाढ आठवड्याभरात होते आणि अंडी फवारणीतून सुटतात. विद्राव्य गंधक हाताशी होते, पण तेवढ्या तापमानात ते पाने जाळते आणि निंबोळी तेलाच्या मागोमाग तर अजिबात वापरू नये.

छाटकलमे बारा केली, सहा एक नंबरच्या फुटव्यांची आणि सहा तीन नंबरच्या, फुले न आलेल्या कोवळ्या फुटव्यांची. दोन डोळ्यांचे तुकडे, वरच्या पानांची अर्धी पाती कापून, कोकोपीट आणि परलाइट समप्रमाणात, वरून पारदर्शक डबा, घरात खिडकीजवळ.

पावसाळा आणि दिव्यांचा निर्णय

एक नंबर नवव्या दिवशी पूर्ण वाळली. दोन नंबरला सोळाव्या दिवशी बुडातून तीन लालसर फुटवे आले. तीन नंबरची नवी पाने तिसऱ्या आठवड्यात हिरवी निघाली. जुनी पिवळी पाने पिवळीच राहिली, ती तशीच राहतात. छाटकलमांपैकी तीन नंबरची चार रुजली, एक नंबरचे एकही नाही.

पहिल्या पावसानंतर हवा तिशीच्या खाली आली तेव्हा तीन नंबर १८ इंच व्यासाच्या, १५ इंच उंचीच्या कापडी ग्रो बॅगेत हलवली, साधारण ६० लिटर माती. दोन नंबर जुलैत.

आता फुलांचा प्रश्न. हॉप्सला दिवस लहान होऊ लागले की फुले येतात, आणि तिच्या लेखी 'लहान' म्हणजे जातीप्रमाणे १४ ते १६ तासांच्या खाली. जर्मनीच्या हालरताऊ भागात जूनमधला दिवस १६ तासांचा, लाहौलमध्येही १४ तासांच्या वर. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे इथे वेलीला फेब्रुवारीपासून रोजच फुलायची हाक असते. पुरेशी पेरे झाली की ती वाढ सोडून फुलोऱ्यावर येते. एप्रिलमध्ये झाले ते हेच. ब्राझील आणि फ्लोरिडातले शेतकरी याच अडचणीवर रात्री दिवे लावून मात करतात. वेलीला दिवस मोठा वाटावा एवढ्यापुरता मंद उजेडही पुरतो. त्यावर ती वाढत नाही, फक्त फुलायचे थांबते.

दिव्यांना दोन अडचणी आल्या. गच्चीवर पावसापासून सुरक्षित असा एकच प्लग होता, आणि समोरच्या इमारतीतून मध्यरात्रीच्या उजेडाबद्दल तक्रार येण्याची शक्यता. मध्यरात्री तीन तास उजेड देणे ही नेहमीची पद्धत सोडून संध्याकाळी पावणेसात ते अकरा असा वेळ ठरवला. सकाळी ६ ला उजाडते, म्हणजे वेलीसाठी दिवस १७ तासांचा. ९ वॅटचे दोन पिवळसर एलईडी, पाणी न शिरणाऱ्या होल्डरमध्ये, टायमरवर, आणि त्या लाइनला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). महिन्याला सव्वादोन युनिटे वीज. हे फक्त तीन नंबरला. दोन नंबर टाकीच्या पलीकडे अंधारात राहिली. नुकतीच वाचलेली आहे, तिला यंदा विश्रांती देऊ, असा घरच्यांचा विचार.

दिवे ५ जून ते १५ ऑगस्ट लागले. या काळात १९:१९:१९ आठवड्यातून एकदा, लिटरला फक्त १ ग्रॅम. चार फुटव्यांपैकी दोनच ठेवले आणि काथ्याचे दोर तिरके बांधले, कारण सरळ उंची आठच फूट होती. जुलैअखेरीस काही पानांवर शिरांनी अडवलेले कोनाकार डाग आणि खाली करडी बुरशी दिसली: केवडा. ती पाने आणि बुडातले खुरटे फुटवे काढले, खालचा अडीच फूट भाग उघडा केला, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम एकदाच फवारले. काढणीला दोन महिने होते म्हणून फवारणी केली. फुले दिसल्यानंतर केली नसती.

निष्पत्ती

दिवे बंद केले तेव्हा तीन नंबर १३ फुटांवर होती आणि बहुतेक पेरांतून बाजूच्या फांद्या निघाल्या होत्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुले, ऑक्टोबरच्या मध्यावर शंकू तयार. शंकू दाबल्यावर कागदासारखा कुरकुरला, आत पिवळी चिकट भुकटी आणि वास भरपूर. ओले १९० ग्रॅम निघाले, जाळीवर सावलीत पंख्याखाली तीन दिवस वाळवून ४४ ग्रॅम. मधला दांडा वाकवल्यावर मोडला की वाळवणे पुरे. पुण्याच्या गच्चीवर पहिल्या वर्षी, तेही अशा आजारपणानंतर, हे उत्पन्न खरोखर चांगले आहे.

दोन नंबर निरोगी, हिरवीगार, पण साडेचार फुटांवर थांबली आणि वीसेक बारीक शंकू देऊन मोकळी झाली. जुलैत कुंडी बदलल्याचा थोडा परिणाम धरला, तरी एवढा फरक उजेडाचाच.

शेजारी कुत्रा होता, म्हणून गळलेले शंकू रोज वेचले. हॉप्स पोटात गेल्यास कुत्र्याचा ताप जीवघेणा चढतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते.

पुन्हा करायचे तर

एक नंबर वाचवण्यात घालवलेला दिवस छाटकलमांवर घालवायला हवा होता, तोही एप्रिलच्या मध्यावर. तिची कलमे घेतली तेव्हा वेल आठवडाभर सुकत होती आणि फुटवे फुलोऱ्यावर होते. अशा फुटव्यांना मुळे क्वचितच येतात. निम्म्याहून अधिक मुळे गेली असतील तर रोपावर नाही, त्याच्या शेंड्यांवर भिस्त ठेवावी.

केएच किट सुरुवातीलाच आणला असता तर महिनाभर खताचा मारा झाला नसता. बोअरचे पाणी असलेल्या सोसायटीत रोप आणण्याआधी पाणी मोजावे.

दोन नंबरला दिवे न देणे चुकीचे ठरले. बुडातून फुटलेल्या वेलीला फुलोऱ्यावर जाऊ देणे ही विश्रांती नव्हे. लांब दिवस मिळाला असता तर तिने पाने आणि गड्डा दोन्ही वाढवले असते. तिला त्याच दिव्याखाली सरकवणे शक्य होते.

पुण्यात फेब्रुवारी ते मे ही वाढ शंकूंसाठी धरू नये. वेल शेडनेटखाली सांभाळावी, मेच्या मध्यावर बुडापाशी छाटावी आणि पावसासोबत नव्याने चढवून जूनपासून दिवे लावावेत. म्हणजे शंकू ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत येतात. हिवाळ्यात गड्ड्याला फ्रीजमध्ये ठेवण्याची खटपट नको. कोलोरॅडोत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थंडीच्या झोपेशिवायही हॉप्सला फुले आली. कुटुंबाने डिसेंबरमध्ये दोन्ही वेली ५ सेंटीमीटरवर कापल्या, ग्रो बॅग पूर्वेलाच ठेवल्या, आणि आठवड्यातून एकदा ओलसर राहील एवढेच पाणी चालू ठेवले. चार कलमांपैकी दोन त्यांनी ६० लिटरच्या बॅगांत हलवली आहेत, या वेळी तिसऱ्या दिव्याच्या सोयीसकट.